कॅमेऱ्याची खोटी साक्ष

भाचीच्या लग्नाचा अल्बम परत करायला मी स्टुडिओत गेलो, तेव्हा काउंटरवरचा मुलगा मला म्हणाला, "काका, आम्ही काहीच केलेलं नाही. कॅमेऱ्यानंच तसं काढलंय."

अल्बम महागातला होता. जाड कागद, काचेसारखं कव्हर, आत चाळीस पानं. त्यात माझी भाची मात्र नव्हती. माझी भाची सावळी आहे. तिची आई सावळी, तिची आजी सावळी, मी सावळा. हळदीच्या सकाळी ती पाटावर बसली होती आणि तिच्या गालावर ओली हळद अशी काही उठून दिसत होती की माझी ताई दोनदा पदरानं डोळे टिपत आत गेली. अल्बममध्ये त्या पाटावर बसलेली मुलगी पिठात लोळल्यासारखी पांढरी आहे. तिच्या गालाला कातडीचा पोत नाही. हनुवटीखालचा तीळ गेला. हळदसुद्धा फिकी पडली, कारण पांढऱ्यावर हळद उठत नाही. सगळ्यात संताप आला तो तिचे हात बघून. हात तिच्याच रंगाचे राहिलेत. सॉफ्टवेअरला चेहरा ओळखता आला, हिरव्या चुड्याखालचे हात ओळखता आले नाहीत. चेहरा एकीचा, हात दुसरीचे, आणि याला म्हणायचं लग्नाची आठवण.

"कॅमेऱ्यानंच तसं काढलंय." हे वाक्य धडधडीत खोटं आहे, आणि ते मी सांगायला हवं, कारण सव्वीस वर्षं मी सांगलीत कलर लॅबमध्ये प्रिंटिंगच्या मशिनवर बसलो आहे. लाखो चेहरे माझ्या बोटांखालून गेले. मशिनच्या बटणांवर डेन्सिटी, सायन, मॅजेन्टा, यलो असं लिहिलेलं असायचं. "जरा उजळ मारा" असं गिऱ्हाईक म्हणालं की डेन्सिटीचं बटण मीही दाबलं आहे. ती माझी चूक होती आणि आज मी ती चूकच म्हणतो. पण बटण दाबणारं बोट माझं आहे हे मला तेव्हाही ठाऊक होतं. "मशिननंच केलं" असं मी कधी कुणाला सांगितलं नाही. आज मात्र बोट लपलंय. कुणाचं तरी बोट कॅमेऱ्याच्या पोटात, फोनच्या चिपमध्ये बसलंय, आणि आपण त्याला 'सत्य' म्हणून मान देतोय. लोक स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं नाकारतात आणि फोटो पुढे करतात. "बघा ना, फोटोत तर असं दिसतंय." याला माझा कडाडून विरोध आहे.

कॅमेऱ्याला रंग दिसतो, हाच पहिला गैरसमज. सेन्सरला रंग अजिबात दिसत नाही. पावसात पागोळ्यांखाली ओळीनं भांडी मांडून ठेवावीत, तशी त्यात प्रकाशाची कोट्यवधी भांडी मांडलेली असतात. कुठल्या भांड्यात किती प्रकाश पडला, एवढंच त्याला मोजता येतं. प्रकाश लाल होता की निळा, हे भांड्याला कळत नाही. म्हणून प्रत्येक भांड्यावर एकेका रंगाची काच बसवतात. कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बेयर या शास्त्रज्ञाला १९७६ मध्ये या मांडणीचं पेटंट मिळालं. निम्म्या काचा हिरव्या, पाव लाल, पाव निळ्या. हिरव्या जास्त, कारण माणसाच्या डोळ्याला उजेड-अंधाराचा बारीक फरक हिरव्याच्या आसपास सर्वांत चांगला कळतो. आता हिशेब करा. पूर्ण रंगासाठी प्रत्येक ठिपक्याला तीन आकडे लागतात आणि मोजलेला असतो एकच. उरलेले दोन शेजारच्या भांड्यांवरून अंदाजानं भरतात. तुमच्या फोनमधल्या फोटोच्या रंगांतले दोन तृतीयांश आकडे कुणी मोजलेलेच नसतात.

हा अंदाज वाईट नसतो, बहुतेक वेळा चांगलाच जमतो. पण तिथून पुढे निवाडे सुरू होतात. या दृश्यात पांढरं कशाला म्हणायचं? सावली किती उचलायची? आकाश किती निळं करायचं? चेहरा सापडला तर त्याचं काय करायचं? यांतल्या एकाही प्रश्नाचं उत्तर प्रकाशात लिहिलेलं नसतं. ते कुठल्यातरी कंपनीतल्या माणसांनी, कुठल्यातरी गिऱ्हाइकाला काय आवडतं ते पाहून आधीच लिहून ठेवलेलं असतं. कॅमेरा 'काढत' नाही. कॅमेरा मोजतो, अंदाज बांधतो, मग कुणाच्या तरी आवडीनं रंगवतो. शेवटच्या पायरीवर माणूस असतो आणि तो जबाबदार असतो.

आणि डोळा? त्याची बरोबरी कॅमेऱ्याशी करणाऱ्यांची मला कीव येते. 'माणसाचा डोळा म्हणजे ५७६ मेगापिक्सेलचा कॅमेरा' असा एक आकडा गेली कित्येक वर्षं मोबाइलच्या दुकानांपासून शाळेतल्या तक्त्यांपर्यंत फिरतोय. पोरं तो पाठ करतात. डोळ्याच्या पडद्यावर कमी उजेडात काम करणाऱ्या सुमारे १२ कोटी दंडपेशी असतात आणि रंग ओळखणाऱ्या सुमारे ६० लाख शंकूपेशी. पण त्यांचा निरोप मेंदूकडे नेणारे तंतू एका डोळ्याला जेमतेम १० ते १२ लाख. बारीक अक्षर वाचण्याइतकं स्पष्ट दिसतं ते मधल्या एवढ्याशा जागेत. हात लांब करून अंगठा धरला तर नखाएवढी ती जागा. बाकी सगळं धूसर. म्हणून डोळा सेकंदाला दोन-तीन वेळा जागा बदलतो, आणि मेंदू त्या तुकड्यांतून अख्खं अंगण उभं करतो. पाहणं ही शोधाशोध आहे. मेगापिक्सेलमध्ये तिचं माप घेणाऱ्या माणसाला डोळाही समजलेला नाही आणि कॅमेराही.

यावर हुशार लोक मला लगेच अडवतात. "मग डोळाही अंदाजच करतो की. फेब्रुवारी २०१५ मधला तो ड्रेसचा फोटो आठवा. कुणाला निळा-काळा दिसला, कुणाला पांढरा-सोनेरी. डोळ्यावर कसला विश्वास ठेवता?"

आठवतो ना. त्याच फोटोनं माझी बाजू सिद्ध केली. तो ड्रेस खरोखर निळा आणि काळा होता. तो ज्यांनी समोर पाहिला त्यांच्यात वाद झाला नाही. वाद झाला तो फोटोवरून. दुकानात कापड पाहताना ऊन कुठून येतंय, दिवा पिवळा आहे की पांढरा, शेजारच्या बाईचा रंग कसा दिसतोय, हे सगळं डोळ्याला दिसत असतं. साडीच्या दुकानात आपल्या बायका घडी उचलून दाराशी उजेडात नेतात, उलटसुलट करतात, मनगटावर टाकून बघतात. डोळ्याचा अंदाज असा तपासून घेता येतो. फोटोनं त्या सगळ्या खुणा पुसून टाकल्या, म्हणून कोट्यवधी डोळे फसले. डोळा चुकला तर दोन पावलं पुढे जाऊन दुरुस्त होतो. फोटो चुकला तर ती चूक फ्रेम करून भिंतीवर टांगली जाते.

याहून जवळचं उदाहरण वारीचं आहे. आषाढी वारीत दिवेघाटात उभं राहून मी किती वर्षं फोटो काढले. ढग फाटून ऊन पडलं की घाटावर पांढऱ्याचा पूर येतो. पांढरी धोतरं, पांढऱ्या बंड्या, पांढऱ्या टोप्या, आणि त्यांच्यात उन्हातान्हात राबून काळवंडलेले, घामानं चकाकणारे चेहरे. धुतलेलं पांढरं कापड आपल्यावर पडलेल्या उजेडातला ८० टक्क्यांहून जास्त उजेड परत फेकतं. रापलेली कातडी त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याइतकाच फेकते. कॅमेऱ्याच्या मीटरला यातलं काही कळत नाही. समोरचं सगळं जग सरासरीनं मध्यम राखाडी, म्हणजे सुमारे १८ टक्के उजेड परतवणारं आहे, असं तो धरून चालतो. पांढरा पूर दिसला की तो घाबरून उजेड कापतो. मग टोपी येते मळकट राखाडी आणि तिच्याखालच्या म्हाताऱ्याचा चेहरा येतो डांबराचा गोळा. डोळे नाहीत, सुरकुत्या नाहीत, कपाळावरचा बुक्का कुठला आणि कातडी कुठली तेही कळत नाही.

मी तिथंच, त्याच जागी उभा असतो. मला टोपीचा पांढरेपणाही दिसतो आणि बुक्काही दिसतो. कारण माझी नजर टोपीवरून कपाळावर उतरते तेव्हा डोळ्याचा पडदा जागच्या जागी आपलं माप बदलतो. पडद्यातला प्रत्येक भाग आपल्या शेजारच्या भागाशी तुलना करून बोलतो. उजेड दुप्पट झाला म्हणून डोळ्याला तो दुप्पट भासत नाही. दुपारचं ऊन आणि पौर्णिमेचं चांदणं यांत जवळपास चार लाख पटींचा फरक आहे, आणि त्या दोन्ही उजेडांत हाच डोळा वाट काढतो.

आजचे फोन चेहरा ओळखून उचलतात, चार-सहा फोटो एकावर एक चढवतात. पण काय उचलतात? घामाची चकाकी जाते, गालफडाखालची सावली जाते, मैलोन्मैल चाललेला माणूस पंख्याखाली बसल्यासारखा दिसतो. आधी त्याला काळा केला, आता त्याला गुळगुळीत केला. त्याला तो आहे तसा पाहण्याची तसदी दोन्ही वेळा कुणी घेतली नाही.

हे आपोआप झालेलं नाही, याला इतिहास आहे. पन्नासच्या दशकापासून कोडॅक कंपनी लॅबना एक कार्ड पाठवायची. त्यावर एका गोऱ्या तरुणीचा फोटो असायचा. पहिलं कार्ड शर्ली नावाच्या, कंपनीतच काम करणाऱ्या बाईचं होतं, म्हणून पुढे बाई बदलली तरी लोक त्याला 'शर्ली कार्ड'च म्हणत राहिले. तिची कातडी बरोबर आली की मशिन बरोबर लागलं. जगभरच्या माणसांचे चेहरे त्या एका गोऱ्या चेहऱ्याच्या मापानं छापले गेले. फिल्मच्या रसायनांनाही तीच कातडी प्रमाण. गडद तपकिरी रंगातल्या छटा त्या फिल्मवर नीट येत नाहीत अशी तक्रार पुढे आली आणि कंपनीनं ती मनावर घेतली, पण कुणामुळे? चॉकलेट बनवणाऱ्यांमुळे आणि लाकडी फर्निचर विकणाऱ्यांमुळे. डार्क चॉकलेट आणि मिल्क चॉकलेट यांतला फरक जाहिरातीत दिसत नव्हता. शाळेतल्या फोटोंत काळ्या माणसांची मुलं नुसते डोळे आणि दात होऊन बसली होती, त्यानं काम अडलं नव्हतं. वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रिया एकाच कार्डावर आल्या त्या थेट नव्वदच्या दशकात.

आमच्या लॅबमध्ये मशिन बसवायला इंजिनिअर आला, तेव्हा त्यानं बॅगेतून एक संदर्भ निगेटिव्ह काढली. गोरी परदेशी बाई, शेजारी राखाडी पट्टा. तिची प्रिंट जमली तसा तो म्हणाला, "झालं, मशिन लागली." दुसऱ्या दिवशी मिरजेच्या एका लग्नाचे रोल आले. पहिल्याच प्रिंटमध्ये नवरीचा चेहरा हिरवट-निळा, विष प्यायल्यासारखा. का? तिनं लाल शालू नेसला होता आणि अख्खी फ्रेम लाल होती. फोटोतले सगळे रंग एकत्र केले की राखाडी येतो, असा मशिनचा हिशेब. लाल जास्त दिसला की तो लाल मारतो आणि सायन भरतो. उसाच्या फडात उभ्या असलेल्या शेतकऱ्याचा चेहरा त्याच हिशेबानं गुलाबी-जांभळा यायचा. आम्ही त्याला 'सब्जेक्ट फेल्युअर' म्हणायचो. शब्द बघा! नापास मशिन झालं आणि शिक्का बसला समोरच्या नवरीवर. तो चेहरा पुन्हा माणसाचा करायला माझा डोळा लागायचा. नवरीच्या दातांचा, मुंडावळ्यांतल्या मोत्यांचा पांढरा मी पकडायचो, मग तिच्या आईच्या, बहिणीच्या चेहऱ्याकडे बघून कातडीचा रंग ठरवायचो. ती नजर मशिनमध्ये नव्हती.

आज तीच खोड फोनमध्ये आहे, फक्त जास्त चकचकीत. ९ सप्टेंबर २०२० रोजी कॅलिफोर्नियातल्या वणव्यांच्या धुरानं सॅन फ्रान्सिस्कोचं आकाश भर दिवसा नारिंगी झालं. माणसं रस्त्यावर उभी राहून वर बघत होती. फोन काढून फोटो घेतले तर आकाश राखाडी. आकाश नारिंगी असूच शकत नाही असं फोनला शिकवलेलं होतं. डोळ्यांसमोर आग लागलेली असताना यंत्र म्हणतं की सगळं नेहमीसारखं आहे. मार्च २०२३ मध्ये उलटा प्रकार उघड झाला. मुद्दाम धूसर केलेल्या चंद्राच्या चित्राचा सॅमसंगच्या फोननं फोटो काढला तर त्यात मूळ चित्रात नसलेले खड्डे उमटले. आपलं सॉफ्टवेअर चंद्र ओळखतं आणि त्याचे तपशील ठळक करतं, असा खुलासा कंपनीनं केला. जे नव्हतं ते घातलं, जे होतं ते पुसलं. हाच फोन उद्या तुमच्या मुलीचा चेहरा ठरवणार.

एक प्रयोग घरी करून बघा. दिवस मावळताना अंगणातल्या जास्वंदीपाशी पंधरा मिनिटं नुसते उभे राहा, हातात फोन न घेता. उजेड ओसरतो तशी लाल फुलं काळवंडत जातात आणि पानं मात्र उजळ राहतात. चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये यानं हे १८२५ मध्ये लिहून ठेवलं. शंकूपेशी मागे सरतात, दंडपेशी पुढे येतात. दंडपेशींना रंग कळत नाहीत, आणि लाल प्रकाश तर त्यांना जवळपास दिसतच नाही. पूर्ण अंधाराला सरावायला डोळ्याला अर्धा तास लागतो. रात्र आपल्याला करडी-निळसर दिसते ती दंडपेशींमुळेच. नाइट मोड लावून फोटो काढला तर जास्वंद दुपारसारखी लालभडक येते. तो फोटो चांगला असेल, पण ती रात्र नव्हे. रात्र पाहण्याची अर्ध्या तासाची उमेद आपण हरवून बसलो आहोत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता कुणी म्हणेल, लग्नाचे अल्बम आणि जास्वंदी, एवढ्यासाठी इतका त्रागा? मग कोर्टाकडे वळू या. रात्री सीसीटीव्हीच्या आत 'टक्' असा बारीक आवाज होतो. सेन्सरपुढची अवरक्त किरण अडवणारी काच बाजूला सरकते आणि कॅमेऱ्याभोवतीचे अवरक्त दिवे लागतात. बहुतेकांचा प्रकाश ८५० नॅनोमीटरच्या आसपासचा असतो. माणसाची नजर ७०० च्या थोडं पुढेच संपते. म्हणजे तो कॅमेरा अशा उजेडात बघत असतो ज्यात माणूस कधीच बघत नाही. मी माझ्या दुकानात स्वतः करून पाहिलं आहे. काळी टेरिकॉटची पँट, काळी छत्री, काळी सॅक, तिन्ही दोरीवर टांगल्या. दिवसा तिन्ही काळ्या. रात्री फुटेजमध्ये छत्री काळी, सॅक राखाडी, आणि पँट जवळपास पांढरी. कापडाला दिलेले बरेचसे काळे रंग अवरक्त प्रकाश परत फेकतात, काजळीसारखा कार्बन तो गिळतो, एवढंच त्याचं कारण. आता अशा फुटेजवरून 'पांढऱ्या शर्टातला इसम' शोधायला निघालेल्या पोलिसांचा विचार करा, आणि त्या रात्री घरून पांढरा शर्ट घालून निघालेल्या माणसाचाही.

कायदा याबाबत काय विचारतो? जालन्याच्या २०१४ मधल्या विधानसभा निवडणुकीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं व्हिडिओ चित्रण पुरावा म्हणून पुढे आलं होतं. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या त्या खटल्यात २०२० मध्ये न्यायालयानं स्पष्ट केलं की मूळ उपकरण हजर केलं नसेल तर कलम ६५ ब चं प्रमाणपत्र अनिवार्य आहे. आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये तेच आलं आहे, आणि सोबत फाइलची हॅश व्हॅल्यू द्यावी लागते. हे योग्यच आहे. पण या सगळ्यातून एवढंच सिद्ध होतं की फाइलमध्ये नंतर कुणी हात घातला नाही. कॅमेऱ्यानं मुळातच काळ्याचं पांढरं केलं असेल, तर ते खोटं त्या प्रमाणपत्रासकट, हॅशसकट, अगदी अस्सल म्हणून कोर्टात पोचतं. रात्रीच्या फुटेजमधल्या रंगाचा शब्द पंचनाम्यात आला, तर तिथं 'अवरक्त प्रकाशात' हे दोन शब्द लिहिणं बंधनकारक हवं. तपास अधिकाऱ्याला हे शिकवायला एक दुपार पुरे.

आणि चेहरा ओळखणारी यंत्रं! २०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी बाजारातल्या तीन प्रणाली तपासल्या. काम साधं होतं, चेहरा बाईचा की पुरुषाचा ते सांगायचं. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के. सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत. शर्लीचं कार्ड ड्रॉवरमधून निघून संगणकात गेलं, एवढाच फरक.

स्टुडिओवाल्यांचा आवडता बचाव मला पाठ आहे. "काका, लोकांनाच गोरं हवं असतं." हा बचाव मी ऐकून घेणार नाही. माझ्या भाचीला कुणी विचारलं? ताईला विचारलं? कुणीच नाही. आल्याबरोबर सगळ्या फोटोंवर एकच प्रीसेट मारला आणि मोकळे झाले. फोनमध्ये सेल्फीच्या कॅमेऱ्याला चेहरा उजळण्याची सोय अनेकदा विकत घेतानाच चालू असते. ती बंद करायला मेनूत चार ठिकाणी हात घालावा लागतो. जे न विचारता केलं, त्याला लोकांची आवड म्हणता येत नाही. आणि समजा, कुणी मागितलंच. स्थळासाठी पाठवायचा फोटो उजळ करून द्या म्हणाला मुलीचा बाप. तर तोंडावर सांगायची हिंमत हवी, की साहेब, मुलगी अशी आहे, फोटोही असाच येईल. मी त्या काळी ती हिंमत दाखवली नाही. दाखवायला हवी होती. बघायला येणाऱ्यांनी फोटो पाहिलेला, दारात उभी मुलगी वेगळी, आणि त्या दोन रंगांमधला फरक त्या पोरीनं मान खाली घालून भरून काढायचा. त्या फरकात माझ्या बोटाचाही वाटा आहे.

म्हणून आता माझ्या मागण्या साध्या आणि ठाम आहेत. फोन विकताना चेहरा बदलणारं प्रत्येक बटण बंद ठेवून विका. ज्याला हवं तो चालू करील. लग्नाचे फोटो काढणाऱ्यानं मूळ फायली गिऱ्हाइकाला द्याव्यात. पैसे गिऱ्हाइकाचे, चेहरा गिऱ्हाइकाचा, मग 'रॉ आम्ही देत नाही' हा माज कशाला? कातडीचा रंग बदलायचा असेल तर आधी विचारा, लेखी विचारा. आणि आपण बाकीच्यांनी फोटो समोर आला की आधी विचारावं, हे कुणाच्या नजरेनं पाहिलंय?

दोन आठवडे भांडून मी स्टुडिओकडून हळदीच्या मूळ फायली मिळवल्या. जुन्या सवयीनं लहान-लहान टेस्ट प्रिंट काढल्या. सकाळी अकराला उत्तरेच्या खिडकीत, थेट ऊन नसलेल्या उजेडात भाचीला बसवलं आणि तिच्या गालाशेजारी एकेक प्रिंट धरत गेलो. पहिली तांबूस होती. दुसरी गडद. तिसरी जवळ आली, पण हळद हिरवट वाटली. यलो थोडं वाढवलं, मॅजेन्टा किंचित. चौथी धरली तेव्हा प्रिंट कुठे संपते आणि गाल कुठे सुरू होतो ते सांगता येईना. तीळ जागेवर होता. चेहरा आणि हात एकाच बाईचे होते. ताईनं ती प्रिंट माझ्या हातातून घेतली ती परत दिलीच नाही, मला दुसरी काढावी लागली.

ती दुसरी प्रिंट घेऊन मी पुन्हा त्या काउंटरवर गेलो. म्हटलं, हा माझ्या भाचीचा रंग, चाळीसच्या चाळीस पानं या रंगात पुन्हा छापून द्या. त्यांनी अजून दिलेली नाहीत. सोमवारी मी परत जाणार आहे.